न्यू फाउंडलंडचें मत्स्यधन

उत्तर अमेरिकेच्या पूर्व टोंकास, अटलांटिक महासागरांत, न्यू फाउंडलंड नांवाचें एक मोठें बेट आहे. शाळेंत भूगोल शिकतांना या बेटाचें नांव आपण सर्वांनीं पाठ केलेलें असतें, आणि त्यापुढें "येथें धुकें फार; मासे विपुल" एवढीं दोनच वाक्यें लिहून आपण मोकळे झालेले असतों. त्यांपैकीं पहिलें वाक्य आजही खरें आहे. दुसरें वाक्य मात्र १९९२ सालीं खोटें ठरलें. पांचशें वर्षें ज्या समुद्रानें अर्ध्या जगास मासे पुरविले, तो समुद्र एका पिढीच्या देखत रिकामा कसा झाला, आणि आज तेथें साध्या गृहस्थास घरच्या जेवणापुरते मासे धरावयाचे झाले तरी ते बोटांवर मोजून कां धरावे लागतात, याविषयीं त्या किनाऱ्यावर हिंडतांना जें पाहिलें, ऐकलें व मागाहून वाचलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा भाचा सेंट जॉन्स या राजधानीच्या शहरीं विद्यापीठांत अध्यापक आहे. त्याच्या आग्रहावरून जूनच्या अखेरीस आम्ही उभयतां तेथें जाऊन पोहोंचलों. तेथील घड्याळांतही एक मौज आहे. जगांतील बहुतेक देश एकमेकांपासूनचें अंतर पुऱ्या तासांनीं मोजतात. आपण भारतीय आणि हे बेटकरी मात्र अर्ध्या तासाचे धनी. त्यामुळें उन्हाळ्यांत त्यांची व आपली वेळ यांत बरोबर आठ तासांचें अंतर पडतें, आणि मनगटावरील घड्याळाचा मोठा कांटा हलवावाच लागत नाहीं. इतक्या दूर देशीं एवढी एक गोष्ट घरच्यासारखी निघाली, याचेंच आमच्या मंडळींस मोठें समाधान वाटलें.

सेंट जॉन्सचें बंदर म्हणजे डोंगरांच्या मध्यें ठेवलेली एक वाटी आहे. समुद्रांतून आंत यावयास दोन कड्यांमधील एक अरुंद खिंड तेवढी मोकळी. आंत शिरतांना उजव्या हातास सिग्नल हिल ही टेकडी लागते. याच टेकडीवर १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनीनें अटलांटिकच्या पलीकडून आलेली बिनतारी खूण ऐकली. बंदराच्या उतारावर लांकडी घरांच्या रांगा आहेत, आणि प्रत्येक घरास तांबडा, पिंवळा, निळा, हिरवा असा कांहीं तरी ठसठशीत रंग दिलेला आहे. अक्षांशानें पाहिलें तर हें शहर पॅरिसच्याही थोडें दक्षिणेस येतें. परंतु उत्तरेकडून लाब्रॅडोरचा शीत प्रवाह किनाऱ्यास घांसून वाहत असल्यामुळें आषाढांतही अंगावरची लोंकरीची बंडी उतरवण्याची सोय नाहीं. शहरापासून जवळच केप स्पिअर नांवाचें भूशिर आहे. उत्तर अमेरिका खंडाचें हें सर्वांत पूर्वेकडील टोंक. तेथें १८३६ सालचें दीपगृह आहे. त्याच्या पायथ्याशीं आम्ही उभे राहिलों तेव्हां दूर एक हिमनग संथपणें दक्षिणेकडे चालला होता. दुपारच्या उन्हांत तो एखाद्या संगमरवरी देवळासारखा दिसत होता.

येथील भाषेची एक गंमत प्रथम सांगितली पाहिजे. आमच्या घरीं मासा शिजत नाहीं; म्हणून भाच्यानें खाणावळींतील पदार्थांची यादी आम्हांस समजावून दिली. तींत सामन मासा 'सामन' या नांवानें होता, खेकडा 'खेकडा' या नांवानें होता. परंतु जेथें नुसतें 'फिश' म्हणून लिहिलें होतें तेथें कॉड समजावयाचा. या बेटावर मासा म्हणजे कॉड. इतर जलचरांस आपापलीं नांवें आहेत. कॉडला मात्र साऱ्या मत्स्यजातीचें नांव मिळालें आहे. ज्या वस्तूवर एखाद्या समाजाचें पोट चालतें, ती वस्तू त्याच्या बोलण्यांत अशी सर्वव्यापी होऊन बसते.

या विपुलतेचें मूळ समुद्राच्या रचनेंत आहे. बेटाच्या आग्नेयेस समुद्राखालीं एक विस्तीर्ण पठार पसरलेलें आहे. त्यास ग्रँड बँक्स म्हणतात. चोहोंकडे अथांग महासागर असतां या पठारावर मात्र पाण्याची खोली पुष्कळ ठिकाणीं शंभर मीटरांहूनही कमी आहे. तेथें उत्तरेचा थंड लाब्रॅडोर प्रवाह व दक्षिणेचा उष्ण गल्फ प्रवाह एकमेकांस भेटतात. त्या भेटींतून वर धुकें उत्पन्न होतें, आणि खालीं पाण्यांत सूक्ष्म वनस्पति व जीव यांचें अमाप पीक येतें. त्या पिकावर कॅपलिन नांवाचा लहानसा चंदेरी मासा जगतो, आणि कॅपलिनवर कॉड जगतो. उन्हाळ्याच्या आरंभीं अंडीं घालण्यासाठीं कॅपलिनच्या झुंडी किनाऱ्याकडे येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ कॉडही खोल पाण्यांतून गांवोगांवच्या खाड्यांच्या तोंडाशीं येतो. शतकानुशतकें या बेटावरील कोळी कॉडच्या मागें गेला नाहीं. कॉडच त्याच्या दारीं येत असे.

हा कॅपलिनचा सोहळा आम्हांस मिडल कोव्ह नांवाच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पाहावयास मिळाला. संध्याकाळची वेळ, ढगाळ आकाश, मंद वारा. लाट फुटली कीं तिच्यांतून हजारों मासे गोट्यांवर येऊन पडत, क्षणभर तडफडत, आणि पुढची लाट त्यांतील निम्म्यांस परत नेत असे. गांवचीं मुलें, बायका, म्हातारीं माणसें बालद्या व हातजाळीं घेऊन आनंदानें तीं वेंचीत होतीं. आम्हांस तें दृश्य अपार वाटलें. परंतु शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्धानें सांगितलें कीं, त्याच्या लहानपणीं हे मासे गाड्या भरून शेतांत खत म्हणून टाकीत असत. आज दिसतें तें त्याचें उष्टेंमाष्टें. १९९१ च्या सुमारास कॅपलिनचा सांठा एकाएकीं खालावला, तो अद्याप पूर्ववत् झालेला नाहीं. परक्यास जें अपार दिसतें तें जुन्या डोळ्यांस उरलेलें वाटतें, हा पहिला धडा आम्हांस तेथें मिळाला.

१४९७ सालीं जॉन कॅबट हा इटालियन नाविक इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन ब्रिस्टल बंदरांतून निघाला आणि या बाजूच्या किनाऱ्यास लागला. तो परत आल्यावर लंडनमधील मिलानच्या वकिलानें आपल्या धन्यास जें पत्र लिहिलें, त्यांत तेथील समुद्रांत टोपलीस दगड बांधून ती खालीं सोडली तरी मासे मिळतात, असें या प्रवाशांचें सांगणें असल्याचें नमूद आहे. पुढें पोर्तुगीज, फ्रेंच, बास्क व इंग्रज यांचीं जहाजें दर उन्हाळ्यास येथें येऊं लागलीं. मासा फाडावयाचा, मीठ लावावयाचा, आणि किनाऱ्यावरील लांकडी माचांवर उन्हांत वाळवावयाचा, ही कृति ठरून गेली. या खाऱ्या माशावर स्पेन-इटलींतील उपवासाचे दिवस निभावले, आणि वेस्ट इंडीजमधील उंसाच्या मळ्यांतील गुलामांचीं पोटें भरलीं. वाळवण्याचें बरेंचसें काम घरच्या बायकामुलांकडे असे. पाऊस आला कीं सगळें आळें धांवत जाऊन मासे झांकी. आपल्याकडे वळवाच्या सरींत पापड-सांडगे उचलण्याची जी धांदल उडते, तीच तेथें साऱ्या गांवाची.

परंतु या संपत्तीनें कोळी श्रीमंत झाला नाहीं. वसंत ऋतूंत व्यापारी त्यास पीठ, गूळ, दोर, गळ उधार देई. शरदांत त्याचा सगळा मासा आपण ठरवूं त्या भावानें वळता करून घेई. वर्षाअखेर हिशेब झाला कीं कोळ्याच्या हातीं रोकड क्वचितच पडे. सावकाराची वही आणि कुळाचें कर्ज ही कथा आपल्या देशांत कोणास नवी नाहीं. तात्पर्य, मासा विपुल असणें आणि मासे धरणारा सुखी असणें, या दोन गोष्टी त्या काळींही वेगळ्याच होत्या.

सेंट जॉन्सच्या दक्षिणेस तासाभराच्याही आंत पेटी हार्बर नांवाचें एक जुनें कोळ्यांचें गांव लागतें. तीन बाजूंनीं उभे डोंगर, मध्यें एक नदी, आणि धक्क्यावर लांकडी खांबांवर उभारलेल्या कोठारांची रांग. या गांवानें आपल्या पाण्याविषयीं आपणच नियम करून ठेविले होते. कॉड धरण्याचें येथील मोठें साधन म्हणजे खोलीसारखें एक चौकोनी जाळें. माशांस वाट दाखविणारी जाळ्याची एक लांब भिंत किनाऱ्यापासून त्या खोलीच्या दारापर्यंत असते. तिच्या कडेनें मासे आपण होऊन आंत शिरतात. हें जाळें लावण्याच्या जागा सगळ्या सारख्या नसतात. म्हणून दर वर्षीं हंगामापूर्वीं गांवांत चिठ्ठ्या टाकून कोणाची जागा कोणती तें ठरवीत. यंदा ज्यास खडकाळ जागा मिळाली, त्यास पुढील वर्षीं चांगली मिळण्याची आशा राही, आणि बळजोरीस वाव राहत नसे. त्याखेरीज ज्या जाळ्यांत मासे कल्ल्यांनीं अडकून वायां मरतात, तीं जाळीं, तसेच शेंकडों गळ एका दोरास बांधून रात्रभर सोडण्याची रीत, या दोन्हींस गांवाच्या पाण्यांत मनाई होती. हातांतील दोरी व गळ, आणि हें खोलीचें जाळें, एवढींच साधनें ठेविलीं होतीं. या अल्पशिक्षित लोकांनीं आपण होऊन ही व्यवस्था लाविली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मग एवढ्या शहाण्या गांवाचा समुद्र रिकामा कां झाला? कारण त्याचा कॉड त्याच्या खाडींत राहत नव्हता. वर्षाचे आठ-नऊ महिने तो दूर खोल पाण्यांत असे, आणि तेथें पेटी हार्बरचा कायदा चालत नव्हता.

१८८३ सालीं लंडन येथें भरलेल्या मत्स्यप्रदर्शनांत थॉमस हक्स्ले या विख्यात शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, तत्कालीन साधनांचा विचार करतां कॉडसारख्या मोठ्या सागरी मासेमारीचा सांठा अक्षय समजावा. साधनें तींच राहिलीं असतीं तर कदाचित् त्याचें म्हणणें टिकलेंही असतें. परंतु १९५४ सालीं 'फेअरट्राय' नांवाचें ब्रिटिश जहाज समुद्रांत उतरलें, आणि काळ पालटला. पाठीमागून प्रचंड ओढजाळें टाकणें, तळ खरवडीत तें ओढणें, धरलेला मासा जहाजावरच फाडणें, गोठविणें व सांठविणें, अशी सर्व सोय त्यांत होती. हा तरता कारखाना पाहून अनेक राष्ट्रांनीं तसलींच जहाजें बांधलीं. हिंवाळ्यांत, बर्फाच्या कडेला, अंडीं घालण्यासाठीं कॉड जेथें दाटीनें जमतो, तेथें हीं जहाजें रात्रंदिवस फिरूं लागलीं. १९६८ सालीं या उत्तरेकडील कॉडचे आठ लक्ष टनांहून अधिक मासे धरले गेले. त्याच वर्षांत किनाऱ्यावरच्या कोळ्यांचीं जाळीं मात्र हलकीं येऊं लागलीं होतीं.

१९७७ च्या आरंभीं कॅनडानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर आपला अधिकार जाहीर केला, आणि परकीय जहाजें बहुतांशीं दूर झालीं. बेटावर आनंदीआनंद झाला. आतां आपला मासा आपणांस, अशी सर्वांची समजूत. परंतु गेलेल्या परक्यांच्या जागीं लवकरच स्वदेशी ओढजहाजें आलीं. फरक इतकाच कीं, आतां दर वर्षीं एकंदर किती टन मासा धरावयाचा याची मर्यादा शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानें सरकार ठरवूं लागलें. समुद्रांतील धरण्याजोग्या माशांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा घ्यावा, असा हिशेब होता. नियम उत्तम होता. अडचण एकच. पांचवा हिस्सा काढण्यासाठीं मूळ रास किती, हें ठाऊक असावें लागतें.

ही रास मोजतांना जो घोटाळा झाला, तो घरगुती दृष्टान्तानें सांगतां येईल. जुन्या घरांत धान्याची मातीची कोठी असते. तिच्या तळाशीं भोंक असून त्यास बोळा लाविलेला असतो. बोळा काढला कीं धान्याची धार सुपांत पडते. कोठी भरलेली असो वा शेवटचें पायलीभर धान्य उरलेलें असो, धार सारखीच पडते. धारेवरून कोठीचा अंदाज करणाऱ्या सुनेस एके दिवशीं एकाएकीं रिकामी कोठी पाहावी लागेल. वरचें झांकण काढून आंत डोकावणारी सासू मात्र फसणार नाहीं. शास्त्रज्ञ समुद्रांत स्वतंत्र पाहणी करीतच होते. परंतु त्यांच्या गणितांत ओढजहाजांना तासाला किती मासा मिळतो या आंकड्यासही मोठें वजन होतें. मासा कमी झाला तरी उरलेला मासा एके ठिकाणीं गोळा होऊन राहतो, आणि प्रतिध्वनीच्या यंत्रानें जहाज नेमकें त्याच ठिकाणीं जातें. त्यामुळें जहाजाची धार शेवटपर्यंत भरपूर राहिली, आणि कोठी भरलेलीच आहे असा समज झाला.

किनाऱ्यावरचा कोळी ओरडत होता. त्याचें जाळें एका जागीं उभें असतें. मासा आला नाहीं तर तें रिकामें राहतें. मासे थोडे येत आहेत, आणि येतात तेही लहान येत आहेत, असें त्याचें सांगणें. परंतु हें अडाण्याचें रडगाणें ठरलें. १९८६ सालीं किनाऱ्यावरील कोळ्यांच्या संघानें स्वतः जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी गणिताची तपासणी करविली, तिचाही तत्काळ उपयोग झाला नाहीं. पुढें शास्त्रज्ञांस आपली चूक उमगली. १९८८ सालीं मर्यादा २,६६,००० टनांची होती. १९८९ साठीं ती १,२५,००० टनांवर आणावी असा हिशेब त्यांनीं पुढें ठेविला. तो मानावा तर कारखाने बंद पडतील, जहाजांचीं कर्जें बुडतील, मतदार रागावतील. मंत्र्यांनीं मर्यादा २,३५,००० टन ठेविली. १९९० सालीं डॉ. लेस्ली हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेंही धोक्याची सूचना दिली. अर्धे उपाय होत राहिले. दर वर्षीं थोडें कमी करावयाचें, आणि तेवढ्यांत मासा त्याहून अधिक कमी व्हावयाचा, असा तो खेळ चालला. त्या वर्षांत समुद्राचें पाणीही नेहमीपेक्षां अधिक थंड झालें होतें, हें सांगितलें पाहिजे. परंतु भरल्या घरास एक वाईट साल सोसतें, रित्या घरास सोसत नाहीं.

२ जुलै १९९२ रोजीं कॅनडाचे मत्स्यखात्याचे मंत्री जॉन क्रॉस्बी यांनीं सेंट जॉन्स येथें उत्तरेकडील कॉडची व्यापारी मासेमारी बंद केल्याचें जाहीर केलें. क्रॉस्बी याच बेटाचे पुत्र. हॉटेलच्या ज्या दालनांत घोषणा झाली, त्याचें दार बाहेरच्या संतप्त कोळ्यांनीं फोडण्याचा प्रयत्न केला. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगण्यांत आली होती. ती बत्तीस वर्षें टिकली. मासे धरणारे व कारखान्यांत ते फाडणारे मिळून तीस हजारांहून अधिक लोक बेकार झाले. एका हुकुमानें इतके लोक घरीं बसल्याचें कॅनडाच्या इतिहासांत दुसरें उदाहरण नाहीं असें म्हणतात. सरकारनें निर्वाहवेतन दिलें, दुसरे धंदे शिकविण्याच्या शाळा काढल्या. पन्नाशी उलटलेले, बापजाद्यांपासून होडी हांकणारे लोक वर्गांत बांकांवर येऊन बसले. तरुण मुलें पश्चिमेकडे नोकऱ्यांस गेलीं. १९९१ च्या खानेसुमारींत या प्रांताची लोकसंख्या ५,६८,४७४ होती. २००१ सालीं ती ५,१२,९३० भरली. पुढें खेकडा व कोळंबी यांच्या धंद्यानें कांहीं गांवांस पुन्हां पैसा मिळाला. परंतु ज्या गांवांतून माणसेंच गेलीं, तेथें तो पैसा घेण्यास कोणी उरलें नव्हतें.

आतां या कथेच्या लहान परंतु मर्मस्थ भागाकडे येतों. व्यापारासाठीं मासे धरणें आणि घरच्या जेवणासाठीं दोन मासे धरणें, या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतों. बेटावरील लोकही तसेंच समजत. व्यापार बंद झाला तरी रविवारच्या जेवणाचा मासा हा आपला जन्मसिद्ध हक्क, अशी त्यांची भावना. परंतु सांठा इतका खालावला होता कीं १९९४ सालीं हीही मुभा काढून घेण्यांत आली. ज्यांनीं समुद्र रिकामा केला तीं जहाजें दूरच्या बंदरांत सुखरूप उभीं, आणि दारांतील होडींतून एक मासा काढणारा म्हातारा गुन्हेगार, हें पाहून लोकांच्या मनाची काय आग झाली असेल, याची कल्पना करावी. १९९६ पासून थोडथोडे दिवस मोकळे करून देण्यांत आले, आणि हळूहळू आजचे नियम ठरत गेले.

हे नियम सोपे आहेत. व्यापारी परवाना नसलेल्या कोणाही मनुष्यानें दिवसास पांच मासे धरावे. बोटींत तीन किंवा अधिक माणसें असलीं तर सगळ्यांचे मिळून पंधरा. साधन हातदोरी किंवा गळाची काठी एवढेंच. धरलेला मासा विकतां येत नाहीं. जुलैच्या आरंभापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत शनिवार, रविवार व सोमवार, आणि शरदांत आणखी कांहीं दिवस, मिळून अलीकडच्या वर्षांत साधारण ३९ दिवस हा हंगाम असतो. यांतील एक कलम मला विशेष वाटलें. धरलेला कॉड लहान निघाला म्हणून परत पाण्यांत टाकून त्याच्या जागीं मोठा धरण्यास मनाई आहे. वरवर पाहतां हें उलटें वाटतें. परंतु खोल पाण्यांतून ओढून काढलेला मासा परत सोडला तरी बहुधा जगत नाहीं. आणि पांच मोठे निवडण्यासाठीं कोणी पंधरा मारले, तर पांचाची मर्यादा कागदावर राहील. जें हातास आलें तें आपलें, असा तो दंडक आहे. पानांत पडलेलें टाकूं नये, हें आपल्या घरांतही लहानपणींच शिकवितात.

भाच्याच्या शेजारचें एक कुटुंब हंगामाच्या पहिल्या शनिवारीं पहांटे होडी घेऊन निघालें, त्यांत मीही गेलों. बाप, मुलगा, नात, आणि चौथा मी. मी मासे धरणार नव्हतों. तरी बापानें हंसत सांगितलें कीं, चौथा आला म्हणून होडीचा आंकडा वाढत नाहीं, पंधरा ते पंधराच. धुकें इतकें दाट होतें कीं किनारा दिसत नव्हता, फक्त लाटा खडकावर आपटल्याचा आवाज येई. दोरी सोडावयाची, तळास लागली कीं थोडी वर घ्यावयाची, आणि हातानें हळूच झटके देत राहावयाचें. बारा वर्षांची नात प्रत्येक मासा वर आला कीं मोठ्यानें आंकडा म्हणे. तासाभरांत ती 'पंधरा' म्हणाली, आणि बापानें दोऱ्या गुंडाळल्या. खालीं मासे होते. हातांत बळ होतें. धुक्यांत पाहणारें कोणी नव्हतें. तरी दोऱ्या गुंडाळल्या गेल्या. धक्क्यावर खात्याचा अधिकारी कधीं तपासणीस येतो, आणि नियम मोडणारास न्यायालयांत उभें राहावें लागतें, हें खरें. परंतु त्या दिवशीं अधिकारी नव्हता. त्या कुटुंबांतील आजोबा १९९२ सालीं घरीं बसलेल्यांपैकीं होते, एवढेंच कारण मला पुरेसें वाटलें.

सगळेच लोक असे वागतात असें मी म्हणत नाहीं. पांच मासे सकाळीं आणि पांच संध्याकाळीं धरणारे लोकही आहेत. शिवाय या घरगुती मासेमारीस परवाना लागत नाहीं. म्हणून वर्षाकाठीं तींत एकंदर किती मासे जातात याचा नेमका हिशेब लागत नाहीं, तो अंदाजानेंच काढावा लागतो. परवाना व खुणेच्या चिठ्ठ्या सुरू कराव्या असा विचार वेळोवेळीं निघाला, तेव्हां लोकांनीं कडाडून विरोध केला. आमच्या पूर्वजांनीं ज्यासाठीं कोणाची परवानगी मागितली नाहीं, त्यासाठीं आम्हीं कचेरींत कां जावें, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न मानी आहे. परंतु पहिल्या खेपेस घात झाला तो मोजदाद चुकल्यामुळेंच, हेंही विसरून चालत नाहीं. मोठ्या जहाजांनीं आपला मासा मोजून द्यावा असें म्हणणारानें आपलेही पांच मोजूं द्यावे, असें मला वाटतें.

हा प्रश्न आतां अधिकच निकडीचा झाला आहे. २०२३ सालीं शास्त्रज्ञांनीं १९५४ पर्यंतचे जुने आंकडे धरून सांठ्याची नवी मांडणी केली, आणि कॉडची स्थिति 'अत्यवस्थ' या पायरीवरून 'सावध' या पायरीवर आली असें ठरलें. समुद्रांत मासा एकदम वाढला असें नव्हे. मोजण्याची पट्टी सुधारली. त्या आधारावर जून २०२४ मध्यें बंदी उठविण्यांत आली व १८,००० टनांची मर्यादा ठरली. २०२५ सालीं ती ३८,००० टनांवर नेली. मोठ्या ओढजहाजांसही पुन्हां वांटा मिळाला. कोळ्यांच्या संघटनेनें त्यास विरोध केला. निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थांनींही केला. १९८८ च्या मानानें हे आंकडे लहान आहेत, हें खरें. परंतु आजाऱ्यानें प्रथमच उठून भिंतीस धरून चालावें, आणि घरच्यांनीं त्याच्या डोक्यावर गाठोडें द्यावें, तसें हें होत नाहीं ना, ही शंका धक्क्यावरच्या कित्येक जुन्या माणसांच्या तोंडून ऐकूं आली.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मग त्या पाण्यांत लोटण्याची चाल जुनी आहे. वादळाचें भय हें तिचें कारण असेल. पण माशांच्या विणीच्या दिवसांत त्यांस विसावा मिळे, हें तिचें फळही होतेंच. आज १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालीं यांत्रिक नौकांस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बंदी असते, तिच्या मुळाशीं हाच विचार आहे. परंतु पेटी हार्बरची कथा असें सांगते कीं, गांवानें आपल्या खाडींत कितीही शहाणपणानें वागावें, त्याच्या दृष्टीआड खोल पाण्यांत कोण किती ओढून नेतो यावर त्या शहाणपणाचें फळ अवलंबून असतें. लहानांस पांचाची मर्यादा घालणें सोपें आहे. ती धक्क्यावर उभें राहून मोजतां येते. मोठ्यांची मर्यादा ठरवावयाची तर ज्यांचें कर्ज, ज्यांचा नफा आणि ज्यांचीं मतें तींत अडकलेलीं नाहींत, अशा कोणी तरी कोठीचें झांकण उघडून आंत पाहिलें पाहिजे, आणि त्यानें सांगितलेला आंकडा कडू असला तरी त्याच वर्षीं मानला पाहिजे. सरकारनें तो तीन वर्षें पुढें ढकलला, आणि न्यू फाउंडलंडच्या लोकांनीं त्याची किंमत बत्तीस वर्षें दिली.